वर्षअखेरीचे मराठी चित्रपट पुरस्कार: मतदान कसं घ्यावं?

पार्ले_पूर्व:
नमस्कार मंडळी. पार्ल्यात आमचं चित्रपटप्रेमींचं एक छोटं मंडळ आहे, चाळीसेक सभासद. दर जानेवारीत सरत्या वर्षातल्या मराठी चित्रपटांना आम्ही आपापसांत पुरस्कार देतो. आतापर्यंतची पद्धत साधी: प्रत्येक विभागात एकच नाव लिहायचं, ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला.

यात दोन गोष्टी खटकतात. मतं इतकी फुटतात की पंधरा मतांवर एखादा चित्रपट ‘सर्वोत्कृष्ट’ ठरतो आणि उरलेल्या पंचवीस जणांना तो पटलेलाच नसतो. दुसरं म्हणजे, जो चित्रपट पार्ले-अंधेरीत दोन-तीन आठवडे टिकला त्यालाच मतं पडतात. दुपारी साडेबाराच्या एकाच खेळावर लागून पुढच्या गुरुवारी उतरलेला चित्रपट कुणी बघितलेलाच नसतो.

दहापैकी गुण देऊन सरासरी काढावी असं काहींचं म्हणणं आहे, पाच जणांची ज्युरी नेमावी असं काहींचं. ऑस्कर, राष्ट्रीय पुरस्कार यांच्याकडून उचलण्यासारखं काही आहे का? आणि संकलन, ध्वनी असे तांत्रिक विभाग ठेवावेत का?

मतपेटी:
सरासरी नको. एकाचे सात म्हणजे दुसऱ्याचे पाच असतात, आणि आपल्या आवडत्या चित्रपटाला वर आणायचं म्हणून त्याच्या तोडीच्या चित्रपटाला मुद्दाम एक गुण देणारे दोघं-तिघं निघाले तरी चाळीस जणांच्या मंडळात निकाल फिरतो. शिवाय सहाच जणांनी पाहिलेला आणि सहाही जणांनी नऊ दिलेला चित्रपट कुठे बसवायचा, हा प्रश्न उरतोच.

तुमच्या पहिल्या तक्रारीवर उपाय आहे पसंतीक्रमाचं मतदान. ऑस्करला ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ २००९ सालच्या पुरस्कारांपासून असाच ठरतो. त्या वर्षी नामांकनं पाचाची दहा केली. दहा चित्रपटांत साधं मतदान घेतलं तर एक दशांशाहून जरा जास्त मतांवरही कुणी जिंकू शकतो, म्हणून मोजणी बदलली. बाकीच्या विभागांत अंतिम फेरी आजही साधीच असते: ज्याला जास्त मतं, त्याला बाहुली.

पद्धत अशी. मतपत्रिकेवर नामांकित चित्रपटांची नावं छापायची, मतदाराने त्यांच्यापुढे १, २, ३ असे क्रम लिहायचे. मोजताना पहिल्या पसंतीप्रमाणे कागदांचे गठ्ठे करायचे. कुठल्या एका गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त कागद असतील तर निकाल लागला. नसतील तर सर्वांत छोटा गठ्ठा उचलायचा, तो चित्रपट बाद, आणि त्यातला एकेक कागद त्यावरच्या पुढच्या पसंतीच्या गठ्ठ्यावर ठेवायचा. मग परत मोजायचं.

आकडे घालून दाखवतो. समजा ४१ मतपत्रिका आहेत आणि चार चित्रपट. पहिली पसंती: क १५, ख ११, ग ९, घ ६. तुमच्या सध्याच्या पद्धतीत ‘क’ जिंकला. पसंतीक्रमात २१ हवेत, कुणाकडेच नाहीत, म्हणून ‘घ’ बाद. त्याच्या ६ कागदांपैकी ४ वर दुसरी पसंती ‘ख’ आहे, २ वर ‘ग’. आता क १५, ख १५, ग ११. ‘ग’ बाद. त्या ११ कागदांतले ८ ‘ख’कडे जातात, २ ‘क’कडे, आणि एकावर पुढचं काहीच लिहिलेलं नाही म्हणून तो बाजूला. शेवटी ख २३, क १७. चालू कागद ४०, ‘ख’कडे निम्म्याहून जास्त. ‘क’ला कट्टर चाहते होते, पण बाकीच्यांनी त्याला खाली ढकललं होतं. ही गोष्ट तुमच्या जुन्या पद्धतीत दिसतच नव्हती.

घोटाळे होतात ते इथे: ‘ग’ बाद करताना लोक मूळचे ९ कागदच वाटतात आणि ‘घ’कडून आलेले २ विसरतात. गठ्ठ्यात जे आहे ते सगळं उचलायचं. दुसरं, एखाद्या कागदावरची पुढची पसंती आधीच बाद झालेला चित्रपट असेल तर तो ओलांडून त्याच्या पुढची बघायची. तिसरं, दोन चित्रपटांना एकच क्रमांक दिला असेल तर त्याच्या आधीपर्यंतचाच क्रम धरायचा, अख्खा कागद रद्द करू नका. मोजायला दोघं आणि फळ्यावर लिहायला तिसरा. प्रत्येक फेरीनंतर बेरीज, बाजूला ठेवलेल्या कागदांसकट, ४१ च आली पाहिजे.

एक गैरसमज आधीच दूर करून ठेवा. ‘या पद्धतीत सगळ्यांच्या दुसऱ्या नंबरचा चित्रपट जिंकतो’ असं सर्रास लिहिलं जातं. पहिल्या पसंतीची पुरेशी मतं नसतील तर तो चित्रपट पहिल्याच फेरीत बाद होतो आणि त्याच्या दुसऱ्या पसंतींकडे कुणी बघतही नाही. वरच्या उदाहरणात ‘घ’ हा उरलेल्या ३५ जणांचा दुसरा नंबर असता तरी गेलाच असता. या पद्धतीत जिंकायला बऱ्यापैकी लोकांना मनापासून आवडावं लागतं आणि इतरांना फारसं खटकून चालत नाही. मला हे मोजमाप चित्रपटाच्या बाबतीत योग्य वाटतं.

तिसरी_घंटा:
मोजणीचं वर आलंच आहे. माझ्या मते तुमचा दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. न पाहिलेल्या चित्रपटाला कुठल्याही पद्धतीत न्याय मिळत नाही.

ऑस्करवाल्यांनाही हे कबूल करावं लागलं. २०२५ मध्ये त्यांनी नियम केला की अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले हवेत. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या स्वतःच्या ऑनलाइन दालनात पाहिलेल्याची नोंद राहते. बाहेर, चित्रपटगृहात वा महोत्सवात पाहिला असेल तर तसं लिहून द्यावं लागतं. तुम्ही हेच करा. मतपत्रिकेवर प्रत्येक नावाआधी ‘पाहिला’ असा चौकोन ठेवा. पाचही चौकोनांत खूण नसेल तर त्या विभागात मत नाही. पहिल्या वर्षी मतदार कमी होतील, होऊ देत.

त्यासाठी दोन टप्पे लागतील. डिसेंबरच्या मध्यावर वर्षभरात मुंबईत लागलेल्या मराठी चित्रपटांची पूर्ण यादी सगळ्यांना पाठवा. प्रत्येकाने पाहिलेल्यांवर खूण करायची आणि त्यांतले आवडलेले जास्तीत जास्त पाच निवडायचे. चार नामांकनं थेट मतसंख्येवर द्या. पाचवी जागा राखीव ठेवा: किमान सहा जणांनी पाहिलेल्या चित्रपटांपैकी ज्याला पाहणाऱ्यांच्या प्रमाणात सर्वांत जास्त पसंती आहे त्याच्यासाठी. आठ जणांनी पाहिला आणि सात जणांना आवडला, असा साडेबाराच्या खेळाचा चित्रपट या जागेतून आत येतो. अशी एकच जागा ठेवा. दोन ठेवल्या की निर्मात्याचे स्नेही सहा जण जमवायला लागतात. नामांकनं जाहीर झाल्यावर तीन-चार आठवडे बघायला द्या, मग मतदान.

कुठल्या वर्षाचा चित्रपट धरायचा हे आधी लिहून ठेवा, नाहीतर ऐन वेळी वाद होतो. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवर चालतात, प्रदर्शनाच्या नाही. म्हणून ‘कोर्ट’ला २०१४ सालचं सुवर्णकमळ आहे आणि तो चित्रपटगृहात लागला एप्रिल २०१५ मध्ये. तुमच्यासाठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात मुंबईत तिकीट लावून झालेलं पहिलं प्रदर्शन, एवढी व्याख्या पुरेल. महोत्सवातला खेळ धरू नका. थेट ओटीटीवर आलेल्यांचं काय, तेही आताच ठरवा.

एक सावधगिरी: नामांकित चित्रपट मंडळाच्या सभागृहात एकत्र बघायचे असतील तर निर्मात्याची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. ओटीटीचं घरगुती सदस्यत्व खासगी वापरापुरतं असतं, प्रोजेक्टर लावून चाळीस जणांना दाखवणं त्यात बसत नाही. छोटे निर्माते विचारलं तर बहुधा हो म्हणतात, आणि दिग्दर्शक गप्पांना येतात हा वरचा फायदा.

ऑस्करचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं अवांतर. दर जानेवारीला ‘अमुक मराठी चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत’ अशा बातम्या येतात. त्यातल्या बऱ्याच बातम्या पात्र चित्रपटांच्या लांबलचक यादीवरून केलेल्या असतात. अमेरिकेतल्या सहा ठरावीक महानगरांपैकी (लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया, शिकागो, डॅलस-फोर्ट वर्थ, अटलांटा) एका ठिकाणी सलग सात दिवस, रोज किमान तीन खेळ, त्यातला एक संध्याकाळी सहा ते दहाच्या दरम्यान, असं प्रदर्शन करून कागदपत्रं दिली की चाळीस मिनिटांहून मोठा चित्रपट सर्वसाधारण विभागांसाठी त्या यादीत जातो. गुणवत्तेची निवड तिथे झालेलीच नसते. आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा रस्ता वेगळा: देशातून एकच प्रवेशिका, आपल्याकडे ती फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया निवडते, मग अकादमीत १५ ची निवडयादी आणि त्यातून ५ नामांकनं. २०२२ च्या चित्रपटांत भारताची प्रवेशिका गुजराती ‘छेल्लो शो’ होती, आणि ‘आरआरआर’ सर्वसाधारण रस्त्याने जाऊन गाण्याचं ऑस्कर घेऊन आला. बातमी वाचताना ‘पात्र यादी, निवडयादी की नामांकन’ एवढं विचारलं तरी अर्धा गोंधळ मिटतो. आपल्या चित्रपटांचं कौतुक जरूर व्हावं, पण ज्या गोष्टीसाठी करतोय ती घडलेली असावी.

पार्ले_पूर्व:
मतपेटी, तिसरी_घंटा, दोघांचेही मनापासून आभार. राखीव पाचव्या जागेची कल्पना समितीपुढे नक्की मांडतो. तांत्रिक विभागांबद्दल कुणी सांगेल का? आमच्यातले बहुतेक जण प्रेक्षक आहेत, या व्यवसायातलं कुणी नाही.

मूव्हिओला:
ठेवा, पण दोनच: संकलन आणि ध्वनी. छायाचित्रणाला मतं देताना लोक कोकणातला पाऊस आणि ड्रोनमधून दिसणारा समुद्रकिनारा यांनाच मतं देतात. वेशभूषेत ऐतिहासिक चित्रपट हमखास जिंकतो, कारण त्यातले कपडे ‘दिसतात’. दोनच विभाग ठेवून त्यांत काय बघायचं हे आधी सभासदांना समजावून सांगा.

संकलनात नेहमीची चूक म्हणजे जास्त कट म्हणजे चांगलं संकलन असं धरणं. त्यापेक्षा प्रत्येक नामांकित चित्रपटातला एक साधा, दोन माणसांच्या बोलण्याचा प्रसंग निवडा. समजा स्वयंपाकघरात आई आणि मुलगा बोलताहेत, मुलगा नोकरी सोडल्याचं सांगतोय. आता आवाज बंद करा आणि फक्त कट कुठे पडतात ते बघा. जो बोलतो त्याच्यावर कॅमेरा, वाक्य संपलं की दुसऱ्यावर, त्याचं वाक्य संपलं की परत पहिल्यावर, असं असेल तर संकलकाने संवाद फक्त ओळीने लावलेत. चांगल्या कामात मुलाचं वाक्य अर्ध्यावर असतानाच आपण आईच्या चेहऱ्यावर पोचतो, किंवा ती गॅस बारीक करते तेवढा वेळ शॉट उगाच लांबल्यासारखा धरलेला असतो आणि नंतर कळतं की तिला तेव्हाच समजलं होतं. मग आवाज सुरू करून तोच प्रसंग पुन्हा बघा. शॉट बदलतो तिथेच आवाजही बदलतो, की पुढच्या शॉटचा आवाज आधी सरकून येतो, हेही ऐकू येईल.

‘मध्यंतरानंतर रेंगाळतो’ हा दोष मात्र सरसकट संकलकाच्या माथी मारू नका. पुष्कळदा तो पटकथेतला असतो. प्रसंगच एकसारखे असतील तर कापून कापून किती कापणार?

ध्वनीचं तर मोठ्या पुरस्कारांतही चुकतं. ६८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार ‘डोळ्ळू’ या कन्नड चित्रपटाला गेला. हा चित्रपट नंतर डब केलेला होता, आणि हे त्याच्या ध्वनिआरेखकानेच (साउंड डिझायनरने) जाहीरपणे सांगितलं. ऑस्करविजेते ध्वनिआरेखक रसूल पूकुट्टी यांनीही त्यावर बोट ठेवलं. तयार चित्रपट बघताना जागेवरचा आवाज कुठला आणि स्टुडिओतला कुठला हे ओळखणं खरोखर कठीण असतं, चांगलं डबिंग आणि चांगली फोली (पावलं, भांडी असे आवाज नंतर स्टुडिओत करून भरणं) असेल तर आणखीनच. पुढे ७० व्या पुरस्कारांपासून ध्वनीचे तीन उपविभाग जाऊन एकच ध्वनिआरेखनाचा पुरस्कार आला. ऑस्करनेही ध्वनिसंकलन आणि ध्वनिमिश्रण हे दोन विभाग २०२१ च्या सोहळ्यापासून एकत्र केले. तुम्हीही एकच ‘ध्वनी’ ठेवा आणि पार्श्वसंगीत त्यात धरू नका.

ऐकायचं काय? पात्र कॅमेऱ्याकडे पाठ करून आतल्या खोलीत जातं तेव्हा आवाज दूर जातो का, की तो कानाशीच राहतो? दादरच्या चाळीतली खोली आणि पवईच्या इमारतीतला विसावा मजला यांत बाहेरची मुंबई वेगळी ऐकू येते का? चाळीत नळाखाली भरणारी बादली, शेजारचा टीव्ही, कावळे, वरवंटा. विसाव्या मजल्यावर सरकत्या काचेमागे दबलेला हॉर्न. मुंबईत जागेवरचा आवाज घेणं महाकठीण असतं, कारण लोकल, बांधकाम आणि विमान यांना ‘सायलेन्स’ सांगता येत नाही. म्हणून संवाद बऱ्याचदा नंतर मुद्रित करतात आणि शहर पुन्हा आवाजातून उभारतात. ते उभारणं ज्याने कान देऊन केलंय त्याला पुरस्कार द्या. मोठ्ठा धडाम आवाज कुणालाही करता येतो.

एकच अट: या विभागाचं मत चित्रपटगृहात किंवा निदान बऱ्या हेडफोनवर बघून द्यायचं. मोबाइलच्या स्पीकरवर वरच्या परिच्छेदातलं निम्मं ऐकूच येत नाही.

गिरगाव_नाका:
ज्युरीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी ज्युरी नको, मंडळ सभासदांचं आहे. पण संकलन-ध्वनीसाठी पाच जणांची समिती नेमलीत तर मूव्हिओला यांनी सांगितलेलं काम नीट होईल. चाळीस जण एकेक प्रसंग आवाज बंद करून बघणार नाहीत, पाच जण बघतील. समितीत वाद घालणं उपयोगाचं असतं आणि मोठ्याने बोलणाऱ्याचं चालतं हा धोकाही असतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्रत्येकाने आपला पसंतीक्रम लिहून पाकिटात द्यायचा, मग चर्चा, मग पुन्हा गुप्त मतदान. पहिल्या आणि दुसऱ्या कागदात फरक पडला असेल तर का, ते ज्याने बदललं त्याने सांगायचं. संबंधित चित्रपटात कुणाचं नातेवाईक असेल तर त्या विभागापुरतं त्याने बाहेर बसायचं.

फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पाम दोर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळालेल्या चित्रपटाला ज्युरी सहसा दुसरा पुरस्कार देत नाही, नियमच तसा आहे. त्यामुळे पुरस्कार वाटले जातात, पण कधीकधी सर्वोत्तम अभिनय पाम दोरवाल्या चित्रपटातच असतो आणि तो राहून जातो. हा नियम तुम्ही उचलू नका. एकच चित्रपट तीन पुरस्कार नेत असेल तर नेऊ दे.

विभागांच्या संख्येबद्दल माझं ठाम मत आहे. २१ मार्च १९५४ ला आपल्या मेट्रो चित्रपटगृहात पहिले फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले तेव्हा पुरस्कार पाचच होते: चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री, संगीत दिग्दर्शक. आजच्या वाहिन्यांवरच्या सोहळ्यांत विभाग इतके वाढलेत की प्रायोजक आणि हजर राहणारे कलाकार यांच्या हिशेबाने ते पाडलेत की काय अशी शंका येते. तुमच्याकडे ना प्रायोजक, ना प्रक्षेपण. चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, अभिनय, संकलन, ध्वनी. बास. अभिनयात मुख्य आणि सहायक भूमिका वेगळ्या ठेवणार असाल तर कोण कशात हे नामांकनाच्या यादीतच छापा. नाहीतर एकाच भूमिकेची मतं दोन्हीकडे विभागतात आणि ती दोन्हीकडून जाते.

मतपेटी:
गिरगाव_नाका यांच्याशी पूर्ण सहमत. अभिनयाच्या मतविभागणीने चांगल्या भूमिकांचं फार नुकसान होतं.

जाहीर करण्याबद्दलही एक सांगतो. २०१७ च्या ऑस्करला चुकीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट पुकारला गेला, त्याचं कारण साधं होतं. पाकिटांचे दोन संच असतात, रंगमंचाच्या दोन बाजूंना एकेक. अभिनेत्रीचं पाकीट एका बाजूने दिलं गेलं आणि तिचंच दुसरं, न उघडलेलं पाकीट दुसऱ्या बाजूने पुढच्या विभागासाठी हाती पडलं. आतल्या कार्डावर अभिनेत्रीच्या नावाखाली तिच्या चित्रपटाचं नाव होतं आणि विभागाचं नाव तळाशी बारीक अक्षरांत. वाचणाऱ्याने चित्रपटाचं नाव पुकारलं. तुम्ही प्रत्येक विभागाचं एकच पाकीट करा, पाकिटावर आणि कार्डावर विभाग सगळ्यात वर, ठळक लिहा, आणि उघडलेलं पाकीट लगेच निवेदकाकडून काढून घ्या. मोजणाऱ्या दोघांपैकी एकाने निकालाचा कागद घेऊन सभागृहात बसावं आणि चूक झाली तर तिथल्या तिथे उठावं.

पार्ले_पूर्व:
फारच उपयोगी. शेवटचं एक: मोजताना बरोबरी झाली तर?

मतपेटी:
बरोबरी तळाशी झाली असेल, म्हणजे दोन सर्वांत छोटे गठ्ठे सारखे असतील, तर पहिल्या फेरीत ज्याला कमी मतं होती तो बाद. तिथेही सारखेच असतील तर दोन्ही चित्रपट असलेल्या सगळ्या कागदांवर कोण कोणाच्या वर आहे ते मोजा, आणि तेही सारखं आलं तरच चिठ्ठी. दोन्ही गठ्ठ्यांची बेरीज मिळूनही त्यांच्या लगेच वरच्या गठ्ठ्यापेक्षा कमी असेल तर दोघांना एकदम बाद करायलाही हरकत नाही, निकाल बदलत नाही.

शेवटच्या दोघांत बरोबरी असेल तर पुरस्कार विभागून द्या. १९६९ च्या सोहळ्यात कॅथरीन हेपबर्न आणि बार्ब्रा स्ट्रायसँड यांना समसमान मतं पडली आणि दोघींना ऑस्कर मिळालं. १९३२ मध्ये तर फ्रेडरिक मार्चला वॉलेस बिअरीपेक्षा एक मत जास्त होतं, पण तेव्हाच्या नियमात इतका थोडा फरक बरोबरीच धरत. तसा नियम तुम्ही ठेवू नका, चाळीस मतदारांत दोन-तीन मतांचा फरक हा खरा फरक असतो. स्मृतिचिन्हं मात्र विभागाच्या संख्येपेक्षा एक जास्त बनवून घ्या.